उत्तमरावांचं धुणं

आशाबाईने बाथरूममधली बादली उचलली, आत पाहिलं आणि परत खाली ठेवली. मग ओट्यापाशी येऊन, पदराला हात पुसत ती रागिणीला म्हणाली, "ताई, भांडे घासीन, फरशी पुसीन, तुमचे न् साहेबांचे कपडे धुवीन. पण ते चादरीचं माह्याच्यानं होत नाई. राग मानू नका."

"राहू द्या. मी पाहीन," रागिणी म्हणाली.

दोघी हळूच बोलत होत्या. पण अकोल्याच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच पातळ भिंत होती. त्या खोलीत पलंगाच्या कडेला बसलेल्या उत्तमरावांना शब्द न् शब्द ऐकू गेला. त्यांना आशाबाईचा राग आला नाही. दुसऱ्याच्या घरची अशी चादर त्यांनी तरी धुतली असती का?

उत्तमराव त्र्याहत्तर वर्षांचे. तिवस्याजवळ, वर्धा नदीच्या अंगाला त्यांची तीन एकर जमीन होती. चाळीस वर्षं त्यांनी तिच्यात भाजीपाला काढला. वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, दिवाळीच्या आधी झेंडू. माल अमरावतीच्या बाजारात न्यायचा, दुपारी घरी यायचं, पुन्हा पाणी द्यायला वाफ्यात उभं राहायचं. बायको माणिकबाई गेल्यावरही तीन वर्षं ते गावी एकटेच राहिले. मागच्या पोळ्याच्या सुमारास लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय. अमरावतीच्या दवाखान्यात वीस दिवस काढल्यावर मुलगा योगेश त्यांना अकोल्याला घेऊन आला. त्याचं तिथं बियाणं-खताचं कृषी केंद्र होतं. सून रागिणी मूर्तिजापूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होती. सकाळी निघायची, सहाला परत यायची.

पाय बराचसा सुधारला. काठी घेऊन उत्तमराव घरभर फिरू लागले. हात मात्र अर्धाच परत आला. चमचा धरवे, पण पाण्याचा तांब्या धरवत नसे. आणि एक गोष्ट अशी झाली की तिच्याबद्दल ते कोणाशी बोलले नाहीत. आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी उठावं तर अंथरूण ओलं. जाग येईपर्यंत होऊन गेलेलं असे. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू ताबा येईल, पूर्ण येईलच असं नाही. पहिल्या दिवशी उत्तमरावांनी चादर गोळा करून पलंगाखाली सारली. रागिणीने ती काढली, एक शब्द न बोलता बादलीत टाकली, आणि रबरी कापड आणून गादीवर अंथरलं. तेव्हापासून चादर दिवसभर बादलीत पडे आणि संध्याकाळी रागिणी शाळेतून आली की साडीचा पदर खोचून तीच आधी धुवायला बसे. उत्तमराव टीव्हीचा आवाज वाढवत. तरी आतला धोपटण्याचा आवाज यायचा तो यायचाच.

आशाबाईच्या त्या बोलण्यानंतर त्यांनी ठरवलं, आपलं धुणं आपण करायचं.

दुसऱ्या दिवशी घरातले दोघं बाहेर पडल्यावर ते स्टूल घेऊन बाथरूममध्ये गेले. बादली डाव्या हाताने ओढली. चादरीला साबण लावणं जमलं. पण भिजलेली दुहेरी चादर एका हाताने उचलून पिळणं म्हणजे काय असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. पिळायला दोन हात लागतात. एका हाताने नुसतं पाणी निथळतं. त्यांनी चादरीचं एक टोक नळाला अडकवलं आणि दुसरं डाव्या हाताने पिरगळायला घेतलं. टोक सुटलं. साबणाच्या फरशीवर स्टूल सरकलं आणि उत्तमराव कुशीवर पडले.

हाड मोडलं नाही. कोपराचं कातडं तेवढं सोलून निघालं. पण उठता येईना. दुपारी योगेश जेवायला घरी आला तेव्हा दीड तास झाला होता, आणि ते त्याच ओल्या चादरीवर डोकं टेकून पडले होते.

"तुमाले कोनं सांगतलं होतं?" योगेश त्यांना उठवता उठवता ओरडला. घाबरला की तो ओरडायचा, लहानपणापासूनची सवय. "डोकं आपटलं असतं म्हणजे? कोनाले समजलं असतं?"

संध्याकाळी तिघं बसले. योगेश जरा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग खाली पाहून म्हणाला, "बाबा, आता मोठ्या माणसायचेही डायपर भेटतात. रात्रीपुरते."

मागे एकदा दवाखान्यात ते बांधून उत्तमरावांच्या जांघा सोलवटल्या होत्या, ते रागिणीला ठाऊक होतं. ती म्हणाली, "ते नको. आपण कपडे धुवायची मशीनच घेऊ. मी दोन वर्षांपासून म्हणत आहे."

"अन् पानी?" योगेश म्हणाला.

हा प्रश्न खरा होता. त्यांच्या कॉलनीत नळ पाचव्या दिवशी यायचा. ते पाणी गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या टाकीत भरून पुरवून वापरायचं. बोअरला पाणी होतं, पण खारं. त्यात साबणाला फेस येत नाही आणि कपडा वाळला की त्यावर पांढरी भुकटी दिसते. नदीकाठच्या गोड्या विहिरीवर आयुष्य काढलेल्या उत्तमरावांनी अकोल्यात आल्या दिवशी ते पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं होतं. मशीन हजार लिटर पाणी पिते असं शेजारपाजारचं मत होतं. योगेशने मोबाइलवर पाहून सांगितलं, की आता नवीन आल्या आहेत, कमी पाण्याच्या, कपड्याचं वजन पाहून तेवढंच घेतात.

"मी येतो दुकानात," उत्तमराव म्हणाले.

"तुमी कशाले त्रास घेता?"

"मी येतो."

महिन्याची तपासणी अमरावतीला असायचीच. ती उरकून तिघं राजापेठेकडच्या एका मोठ्या दुकानात गेले. ओळीने मशीनी मांडलेल्या. विक्रेता तरुण होता, गोड बोलणारा, पण जे काही बोलायचा ते योगेशकडे पाहून. त्याने आधी समोरून दार असलेली दाखवली.

"ही सगळ्यात कमी पाणी घेते, सर. एकदम टॉप."

उत्तमराव काठी टेकत तिच्यासमोर गेले. दार गुडघ्याच्या उंचीवर. त्यांनी वाकून पाहिलं. उजवा पाय थरथरला आणि रागिणीने पटकन दंड धरला.

"हे नाई," ते म्हणाले. "खाली वाकलो का मी आतच जाईन."

विक्रेता हसला. "काकाजी, वापरणार तर मॅडमच ना?"

"मी वापरनार हाय."

योगेशने वडिलांकडे पाहिलं. रागिणीनेही पाहिलं. विक्रेत्याने मात्र तिथून पुढे आपली मान योगेशकडून उत्तमरावांकडे वळवली.

मग दोन खणांची स्वस्तातली मशीन झाली. एका खणात धुवायचं, ओले कपडे उचलून दुसऱ्या खणात टाकून पिळायचं. उत्तमराव म्हणाले, उचलताच आलं असतं तर इथे कशाला आलो असतो. मग वरून झाकण असलेल्या. एकीत मधोमध जाड खांब होता, दुसरीत नव्हता; तळाला नुसती पसरट चकती.

"खांब कुठी गेला हिचा?"

"ही नवीन पद्धत आहे काकाजी. खांबवाली कपडे घुसळते, तिला टब भरून पाणी लागतं. हिच्यात चकती फिरते, कपडे वरखाली होतात, एकमेकांवर घासले जातात. पाणी निम्मं. आणि खांब नाही म्हणून चादरी गुंडाळत नाहीत."

उत्तमरावांनी डाव्या हाताने काचेचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. झाकण सावकाश मिटत होतं, हातावर आपटत नव्हतं. आत हात घालून तळाला बोटं पोचतात का ते पाहिलं. पोचली, जेमतेम. मग विचारलं, "धुन्याले पानी किती?"

"अगदी कमी."

"कमी म्हंजे किती? पुस्तकात लिवलं असंल ना?"

विक्रेत्याने पुस्तक काढून आणलं. रागिणीने चष्मा लावून कोष्टक शोधलं आणि लिटरचे आकडे वाचून दाखवले. उत्तमराव मनातल्या मनात त्याच्या बादल्या करत होते.

"बरं. अन् बिघडली तं मिस्त्री अकोल्याले कोन येईल?"

विक्रेता अडखळला. अकोल्याचं सर्व्हिस सेंटर वेगळं होतं. इथे नोंदवायचं, मग तिकडे कळवायचं, असं काहीतरी त्याने सांगितलं.

"विहिरीवरची मोटर घेताना मी कदी दुकान नाई पाह्यलं," उत्तमराव बाहेर पडताना योगेशला म्हणाले. "मिस्त्री पाह्यला. तो गावात असला तं मोटर चांगली." त्यामुळे तीच मशीन, तोच मॉडेल नंबर, पुढच्या रविवारी अकोल्यातून घेतली. घेण्याआधी उत्तमरावांनी अकोल्याच्या सर्व्हिसवाल्याला फोनवर दोन प्रश्न विचारले आणि तिसऱ्या प्रश्नात त्याचं घर त्यांच्या घरापासून किती लांब ते काढून घेतलं.

मशीन बाथरूमच्या बाहेर, मागच्या पडवीत बसली. जोडून द्यायला आलेल्या माणसाने ती नळाच्या टाकीवर जोडली, तीन बटणं दाखवली आणि घाईत निघून गेला. दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर उत्तमरावांनी चादर नेऊन आत टाकली. त्यांना ती एकटीच धुवायची होती. बाकीच्यांच्या कपड्यांत नाही. आशाबाई धुण्याची पावडर मूठभर टाकायची. यांनी चादर तसली म्हणून दोन मुठी टाकल्या आणि बटण दाबलं.

मशीन आधी कोरडीच थोडी फिरली. मग पाणी आलं, आणि बघता बघता थांबलं. उत्तमरावांनी काचेतून पाहिलं. चादर नुसती भिजली होती. पाणी वर दिसतच नव्हतं.

"एवढ्याशा पान्यात काय निंगन?" ते स्वतःशीच म्हणाले. कपडा धुवायचा म्हणजे तो पाण्यात बुडाला पाहिजे, हे तर लेकराला कळतं. त्यांनी मशीन थांबवली, झाकण उघडलं आणि जवळच्या ड्रममधून तांब्या तांब्या करत दोन बादल्या पाणी वरून ओतलं. आता चादर छान तरंगू लागली. चकती खाली फिरत राहिली, चादर वर तरंगत राहिली, आणि फेस चढत चढत काचेला लागला.

पिळण्याआधी मशीन थांबवून त्यांनी पाहिलं तेव्हा चादरीवरचा पिवळा डाग जसाच्या तसा होता आणि सगळी चादर बुळबुळीत लागत होती. त्यांनी पुन्हा लावली. फेस निघेना म्हणून पुन्हा. चौथ्या वेळी मशीनने पाणी मागितलं आणि नळातून नुसती हवा आली.

टाकी रिकामी झाली होती. नळ यायला अजून दोन दिवस होते.

त्या दोन दिवसांत योगेशने बोअरच्या पाण्याने अंघोळ केली आणि दुकानात दिवसभर पाठ खाजवली. प्यायला पाण्याचे कॅन आणावे लागले. भांडी घासताना आशाबाई म्हणाली की ह्या पाण्यात साबण काय करील बिचारा. पहिला दिवस योगेशने कसाबसा काढला, दुसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"बाबा, हात जोडतो, तुमी त्या मशीनले हात लावू नका. रागिणी लावत जाईल. आम्ही काय मेलो काय?"

उत्तमराव जेवत होते. त्यांनी डाव्या हातातला घास ताटात ठेवला आणि उठून खोलीत गेले. रागिणीने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. योगेशही मग फारसा जेवला नाही.

खोलीत बसून उत्तमरावांनी आधी मुलाचा राग केला, मग मशीनचा, आणि त्यानंतर त्यांना दिसू लागलं की चूक कोणाची होती. ठिबकच्या नळ्या गावात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या बापाने असंच केलं होतं. थेंबाथेंबाने झाड कसं जगेल म्हणून पाइप उघडून आळं भरून टाकलं आणि मिरचीची मुळं सडवली. तेव्हा बापाला मूर्ख म्हणणारे ते स्वतःच होते.

सकाळी त्यांनी रागिणीकडून ते पुस्तक मागून घेतलं. मराठी पानं शेवटी होती, अक्षर बारीक. भिंग घेऊन ते तीन दिवस वाचत बसले. एकेक पान दोनदा. कुठे अडलं की पेन्सिलने खूण करायची आणि संध्याकाळी रागिणीला विचारायचं. पावडर ह्या मशीनची वेगळी असते, कमी फेसाची. आणि तीही मुठीने नाही, मापाने. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. जास्त फेस झाला की कपडे एकमेकांवर घासायचे थांबतात, नुसते घसरतात. वरून पाणी ओतायचं नाही, त्याचंही कारण तेच. कपडे मधोमध ढीग करून टाकायचे नाहीत, कडेकडेने सैल टाकायचे. डाग असेल तर आधी भिजत ठेवायचं बटण आहे. धुणं झालं की झाकण उघडं ठेवायचं, नाहीतर आत कुबट वास धरतो.

"हे सगयं त्या दुकानवाल्यानं काहून नाई सांगतलं?" त्यांनी रागिणीला विचारलं.

"आपण त्याला पाणी विचारलं, बाबा. पावडर कुठे विचारली?"

रविवारी, नळ येऊन टाकी भरल्यावर, ते म्हणाले, एकदा मोजून पाहू. रागिणीने मशीनचा सांडपाण्याचा पाइप बादलीत सोडला. बादली भरली की ती ओतायची आणि उत्तमरावांनी खडूने भिंतीवर रेघ मारायची. घरचे नेहमीचे कपडे होते. साडेपाच बादल्या झाल्या. दोन दिवसांआधी आशाबाई तेवढेच कपडे हाताने धूत असताना त्यांनी दारात बसून मोजल्या होत्या त्या दहा भरल्या होत्या.

"बाबाजी, माह्या बादल्या मोजून राह्यले होते का तुमी?" आशाबाईला हसू आवरेना.

"तुह्या नाई, पान्याच्या मोजल्या."

योगेश पडवीत येऊन भिंतीवरच्या रेघा पाहून गेला. संध्याकाळी दुकानातून येताना कमी फेसाच्या पावडरीचा पुडा त्याने न सांगता आणला.

सोमवारी सकाळी अंथरूण पुन्हा ओलं होतं. सगळे गेल्यावर उत्तमरावांनी चादर नेली. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. माप, भिजवण, कडेने सैल टाकणं. धुणं चांगलं झालं, काचेतून दिसत होतं. पण शेवटी पिळायची वेळ आली आणि मशीन धाडधाड आपटू लागली. भिजलेली चादर एका अंगाला जाऊन गोळा झाली होती. मशीन थांबली, स्वतःच थोडं पाणी घेतलं, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आपटली, आणि पडद्यावर दोन अक्षरं दाखवून किणकिण वाजत उभी राहिली.

त्यांनी चादर हाताने सारखी केली. पुन्हा तेच. त्यांना वाटलं पाय खालीवर असतील. ताटलीत पाणी घेऊन ती मशीनवर ठेवली. पाणी कुठेच कलत नव्हतं. पाय बरोबर होते. सर्व्हिसवाल्याला फोन लावला.

"काका, किती कपडे आहेत आत?"

"एक चादर."

"एकटी चादर नाही पिळत ती. एका बाजूला वजन जाते. दोन-चार कपडे अजून टाका, वजन सारखं होईल."

"दुसरे कपडे नाई टाकाचे मले."

"मग दुसरी चादर टाका काका. जोडीला काहीतरी लागतेच."

त्यांच्याकडे दुसरी चादर होती, पण ती पलंगावर अंथरलेली होती. धुतलेली चादर तशीच आत ठेवून ते बसून राहिले. उजव्या हाताने पिळणं शक्य नव्हतं. रागिणी आली तेव्हा सहा वाजून गेले होते. तिने पिशवी खाली ठेवली, मशीनचं झाकण उघडून पाहिलं, आणि विचारलं, "काय झालं?"

उत्तमरावांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "तं जोडीले काही पायजे म्हणते."

"मग टाकायचे ना."

"तुमचे कपडे? याच्यासंगं?"

रागिणी आतल्या खोलीत गेली आणि आपल्या पलंगावरची चादर, दोन उशांचे अभ्रे आणि योगेशचा टॉवेल घेऊन आली.

"पोरी, नको," उत्तमराव म्हणाले. "धुतली हाय, पन तरीबी. तुमच्या अंगाखालची चादर हाय ते."

"बाबा, ही चादर दोन पाण्यांतून निघाली आहे. आता हिच्यात अन् माझ्या चादरीत काय फरक?" रागिणी एकेक कपडा कडेने टाकत बोलत होती. "आई होत्या तेव्हा तुमचं धोतर अन् त्यांचं लुगडं एकाच बादलीत भिजत होतं. तेव्हा कोणी म्हणालं, वेगळं करा? मलाही तुमची चादर धुता आता सहा महिने झाले. मी तुम्हाला एकदाही बोलली का काही?"

"बोलली नाईस. म्हनूनच तं."

"म्हणूनच काय?"

त्यांना ते सांगता आलं नाही. न बोलता धुणारं माणूस समोर असलं की आपल्याला माफी मागायलाही जागा राहत नाही, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं. ते नुसते म्हणाले, "तुह्या जिवाले त्रास होते, ते दिसत होतं मले."

"त्रास होत होता," रागिणी सरळ म्हणाली. "शाळेतून आल्यावर कंबर मोडायची. चादरीचा नाही, वाकायचा. आता मशीन आहे अन् तुम्ही आहात. तुम्ही लावा, मी वाळू घालते. दोघांनी मिळून होईल."

तिने झाकण लावलं. बटण त्यांना दाबू दिलं. या वेळी मशीन सारखी, एका सुरात फिरली. चादरी बाहेर काढल्या तेव्हा दोन्ही एकमेकींत अडकलेल्या होत्या. रागिणीने एका टोकाला धरलं, उत्तमरावांनी डाव्या हाताने दुसऱ्या, आणि झटकून सोडवल्या.

त्यानंतर घरचं धुणं उत्तमरावांकडे गेलं. कोणी ठरवून दिलं नाही. सकाळी आठला सगळ्यांचे कपडे गोळा करायचे, खिसे तपासायचे, गडद रंग वेगळे काढायचे, चादर असेल तर आधी भिजत घालायची. योगेशच्या खिशांतून बिलं निघत, कधी सोयाबीनचा दाणा. महिन्यातून एकदा रिकामी मशीन चालवून टब धुवायचा, पाणी येतं त्या तोंडाची जाळी काढून तिच्यात अडकलेली रेती झटकायची. ते तर त्यांच्या हातचंच काम होतं. फवाऱ्याची जाळी त्यांनी हजारदा साफ केली होती. आठवड्यात चादर ओली निघण्याचे दिवस चारावरून दोनावर आले. पूर्ण थांबले नाहीत. निघाली तर ती इतर कपड्यांत जायची, एवढंच.

आशाबाईचं धुण्याचं काम गेलं तेव्हा उत्तमरावांना वाईट वाटलं. तीच म्हणाली, "गेलं तं गेलं बाबाजी, पावडरीनं हाताची सालं निंगत होती." रागिणीने तिला त्याऐवजी पोळ्यांचं काम दिलं. पोळ्या तिच्या जाड होत्या. त्याची चर्चा घरात बरेच दिवस चालली.

उन्हाळ्यात तिवस्याहून फोन आला. माणिकबाईंचा धाकटा भाऊ खुशालराव. "भाऊजी, पार्बता मशीन घ्या म्हनून राह्यली. योगेश म्हने तुमाले त्यातलं समजते. कोनती घ्याची?"

"फोनवर नाई समजत. घरी पानी कसं हाय, नळ किती उंचावर हाय, जागा कुठी हाय, पाहा लागते."

"मंग या ना."

अकोल्याला आल्यापासून उत्तमराव कोणाकडेही मुक्कामाला गेले नव्हते. सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही दुपारी जाऊन संध्याकाळी परत. योगेशने किती म्हटलं तरी नाही म्हणजे नाही, आणि का नाही ते त्याला माहीत असल्याने तोही फार ताणत नसे.

"येतो," ते म्हणाले. "पन एक सांगून ठेवतो, खुशाल. मले रात्री कदी कदी ताबा राह्यत नाई. अंथरून ओलं होते. रबराचं कापड संगं आनतो मी."

खुशालराव म्हणाले, "एवढंच ना? मले तं वाटलं पथ्यपानी सांगता का काय. वांग्याचं भरीत खाता ना अजून?"

"खातो."

शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून रागिणी सोबत निघाली. सकाळच्या गाडीने अमरावती, तिथून नागपूर रोडच्या एसटीने तिवसा. खुशालरावांच्या पत्नी पार्बताबाई दारात उभ्या होत्या. चहा व्हायच्या आत उत्तमराव काठी टेकत मागच्या अंगणात गेले, टाकी किती उंच आहे ते पाहिलं, नळ सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन प्याले.

"पानी तं तुमच्याकडे नंबर एक हाय," ते पार्बताबाईंना म्हणाले. "म्हनून सांगतो, पावडर आमच्याहूनही कमी लागन. अर्ध्या मापाच्या वर गेल्या तं फेस घरभर होईल. खुशालले हात लावू देऊ नका, तो मुठीनं टाकन."

खुशालराव ओट्यावरून म्हणाले, "मी काहून हात लावू?"

"शिक ना बाप्पा. मी शिकलो." उत्तमराव पायरीवर बसले आणि पार्बताबाईंनी पुढे केलेला चहा डाव्या हाताने घेतला. "उद्या सकायी अमरावतीले जाऊ. येताना पुस्तक मागून घेजो दुकानदाराले. आधी वाचू, मंग घेऊ."